कोबीच्या पाण्याला चव

कोबीच्या पाण्याला इतकी चव असू शकत नाही, हे लाइनमनच्या ध्यानात आलं ते एका मंगळवारी, तिसऱ्या चमच्याला. पहिले दोन चमचे भुकेच्या भरात गेले. तिसरा जिभेवर रेंगाळला आणि त्याने चमचा खाली ठेवला.

"काय झालं?" समोर बसलेल्या बायकोने विचारलं.

"काही नाही. छान झालंय."

"मग खा की."

"तेच म्हणतोय. छान झालंय."

तिने मान खाली घातली आणि आपल्या पावाचा कोरडा तुकडा मोडला. त्याने वाटी थोडी कलती करून उजेडात धरली. वर तेलाचा तवंग नव्हता, एक ठिपकासुद्धा नव्हता. सूप कसं एकसारखं, गुळगुळीत, सायीसारखं दाट. आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. पहिले दोन आठवडे हेच सूप पातळ पाणी असायचं, त्यात कोबीची पानं अनाथासारखी तरंगायची. मग ते असं वाटून, गाळून, घोटून कधीपासून यायला लागलं? आणि का?

गोष्ट साधी होती, पण त्याच्या जिवावर बेतलेली होती. वीज कंपनीने नवी गाडी घेतली होती. गाडीवर लांब लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला माणूस उभा राहील असा पाळणा. आता शिडीने खांबावर चढायचं नाही, पाळण्यातून वर जायचं. पण पाळण्याचा नियम कडक होता. आतल्या माणसाचं वजन पंचाण्णव किलोच्या आत हवं. गोदामात तारांची वेटोळी तोलायचा जो मोठा काटा होता, त्यावर साहेबबाईंनी सगळ्यांना एकेक करून उभं केलं. लाइनमन उभा राहिला आणि काटा साडेनव्व्याण्णववर जाऊन थांबला.

"बाळ पाळण्यापेक्षा मोठं झालंय," मागून पैलवान म्हणाला. हा पैलवान इतका किडकिडीत होता की वारा सुटला की सगळे त्याला खिशात दगड ठेवायला सांगत. त्याचं काम खालचं. वर माणूस असेपर्यंत बटणाच्या पेटीपाशी उभं राहायचं.

साहेबबाई हसल्या नाहीत. "सहा आठवडे देते. नाही जमलं तर तक्रारखिडकीवर या. खुर्ची चांगली आहे तिथली."

बावीस वर्षं तो तारांवर काम करत होता. वादळात कललेल्या खांबांवर चढला होता, अख्ख्या गल्लीचे दिवे एका हाताने परत आणले होते. त्याने खुर्चीवर बसून लोकांचं "आमच्याकडे वीज कधी येणार?" ऐकायचं म्हणजे माशाला जमिनीवर आणून पोहण्याचे फॉर्म भरायला लावण्यासारखं होतं. त्या दिवशी घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "आजपासून माझं खाणं निम्मं. स्वयंपाक तुझ्या हातात. माझी अब्रूही तुझ्याच हातात."

"बरं," ती म्हणाली होती. एवढंच.

पहिल्या दोन आठवड्यांत अडीच किलो उतरले. तिसऱ्यात काटा हलला नाही. चौथ्यात तीनशे ग्रॅम वर गेला. खाणं तेच, वाटी तीच, पोटातली भूकही तीच. म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ही शंका पैलवानाच्या कानावर घातली.

"वहिनी?" पैलवान म्हणाला. "वहिनी तुला फसवतायत? काहीतरीच काय. तू स्वतःच झोपेत उठून खात असशील."

"झोपेत उठायचं तर झोप लागावी लागते. भुकेने डोळा लागत नाही माझा."

"मग लोण्याकडे लक्ष दे. आमच्या घरी काही चुकलं की चोर नेहमी लोण्यापाशी सापडतो."

पैलवान गमतीत बोलला, पण संशयी माणसाला गंमत कळत नाही. त्या संध्याकाळी लाइनमनने फ्रिज उघडला, लोण्याचा गठ्ठा बाहेर काढला आणि वेष्टनाच्या आत, कडेला, पेन्सिलने बारीकशी रेघ मारली. तारा जिथे जोडायच्या तिथे तो अशीच रेघ मारत असे. दुसऱ्या दिवशी लोणी रेघेच्या एक बोट खाली होतं. त्याने नवी रेघ मारली. तिसऱ्या दिवशी आणखी एक बोट.

आता तुम्ही म्हणाल, घरात बाईही होती, तिने खाल्लं असेल. तोही तेच म्हणाला, स्वतःलाच. पण महिनाभरात ती वाळली होती. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायचं, स्कर्टाला पिन लावावी लागायची. लोणी खाणाऱ्या बाईची ही लक्षणं नव्हेत.

"लोणी लवकर संपतंय का गं हल्ली?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. सहज विचारायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे आवाज पोलिसासारखा निघाला.

ती सिंकपाशी उभी होती. वळली नाही. "मी लावते पावाला."

"अच्छा. मला तर तू कोरडाच खाताना दिसतेस."

"तुमच्यासमोर कशाला खाऊ? तुम्हाला उगीच त्रास."

उत्तर इतकं चांगलं होतं की त्याला ते अजिबात आवडलं नाही.

मग तो बघतच सुटला. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं त्याला सगळं लोण्याने माखलेलं दिसायला लागलं. ती स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची, ते का? घोटणी धुऊन ताबडतोब पुसून ठेवायची, ते का? तो पाणी प्यायला आत आला की ती भांड्यावर झाकण टाकायची. "वाफ जाते," म्हणायची. वाफ! चोवीस वर्षांच्या संसारात तिला वाफेची काळजी कधी वाटली नव्हती. आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे, कशासाठी? तिला काय मिळणार होतं? तो खुर्चीवर बसला तर हिचा कुठला फायदा? त्याला काही सुचेना आणि सुचेना म्हणून संशय आणखीच फुगला.

शेवटी रविवारी सकाळी तो म्हणाला, "आज मी करतो माझं सूप."

"तुम्ही?"

"का? खांबावर तार जोडता येते, कोबी चिरता येणार नाही?"

"येईल की. बोटं सांभाळा."

कोबी त्याने असा चिरला की काही तुकडे रुमालाएवढे आणि काही नखाएवढे झाले. सोलताना गाजर निम्मं झालं. मीठ किती घालायचं हे विचारायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने दोनदा घातलं. ती दारात उभी राहून बघत होती, हाताची घडी घालून, एक शब्द न बोलता. नाकाने कांदे सोलणारी बाई असती तर त्याला बरं वाटलं असतं. हिचं गप्प राहणं त्याला टोचत होतं. भांडं आचेवर चढलं आणि त्याच्या मनात आलं, आता मी जरा पाठ फिरवली की ही घालणार.

तो उठला, अवजारांच्या पिशवीतून एक पाटी काढून घेऊन आला आणि शेगडीच्या बटणाला दोरीने बांधली. तळहाताएवढी लाल पाटी, त्यावर पांढरी अक्षरं: "वर माणूस आहे. हात लावू नये."

इथे या पाटीबद्दल थोडं सांगायला हवं. लाइनमन वर चढण्याआधी खालचं बटण बंद करतो आणि त्यावर आपली पाटी लावतो. ज्याने पाटी लावली, त्यानेच ती काढायची. साहेबाने नाही, मंत्र्याने नाही, खुद्द देव आला तरी त्याने नाही. दोन वर्षांपूर्वी लाइनमनच्या जोडीदाराची पाटी कोणीतरी काढली. वर काम संपलं असेल असं वाटून. तेव्हापासून जोडीदार नव्हता. त्याच्या बायकोपाशी लाइनमनची बायको तेरा दिवस बसली होती, आणि घरी परत आल्यावर तिने एकच गोष्ट सांगितली होती, "आपल्या घरातही ही पाटी असू दे." मग घरात साधा बल्ब बदलायचा असला तरी तो मेन बटणाला पाटी लावायचा, आणि ती त्या पाटीकडे तशी बघायची जशी इतर बायका देव्हाऱ्याकडे बघतात.

"शेगडीला?" ती म्हणाली.

"शेगडीला."

"वर माणूस आहे?"

"वर माझं सूप आहे. तेच आता माझ्यासाठी माणूस."

ती हसली नाही. त्यालाही ते हसण्यासारखं वाटलं नव्हतं. तो बाहेरच्या खोलीत गेला आणि कोचावर जरा टेकला. पाच मिनिटं, फार तर सात. पण महिन्याभराची भूक, महिन्याभराची जागरणं आणि आता चोराला कुलूप लागल्याचा निर्धास्तपणा, तिन्ही एकदमच अंगावर पडले. डोळा लागला.

मध्ये कधीतरी त्याला तिचा आवाज ऐकू आला. "अहो." तो झोपेतच म्हणाला, "हात लावू नकोस." पुन्हा आवाज आला. "अहो, ऐकताय का?" तो पुन्हा म्हणाला, "सांगितलं ना, हात लावू नकोस," आणि कूस बदलली.

तिसऱ्या वेळी तिने त्याला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. "उठा! तुमची पाटी काढा! भांडं जळतंय!"

धूर खोलीत आलाच होता. तो धडपडत आत गेला. स्वयंपाकघरात काही दिसत नव्हतं. कोबीचा असा वास सुटला होता की शेजारच्या तीन घरांनी खिडक्या लावून घेतल्या असाव्यात. त्याने चाचपडत दोरी सोडली, पाटी ओढली, बटण बंद केलं. भांड्याच्या तळाशी काळ्या खडकासारखं काहीतरी चिकटलं होतं. त्यातून अजून तडतड आवाज येत होता.

धूर जरा विरळ झाल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलं. खिडक्या सताड उघड्या होत्या. जमिनीवर पाण्याने भरलेली बादली होती. ओटा ओल्या टॉवेलांनी झाकलेला होता, पडदा वर बांधलेला होता, तेलाची बरणी दूर नेऊन ठेवलेली होती. सगळी तयारी झाली होती. फक्त आच तेवढी कोणी बंद केली नव्हती.

ती दाराशी उभी होती. डोळे लाल, हातात आणखी एक ओला टॉवेल.

त्याचा संशय अजून मेला नव्हता. "जाणूनबुजून जळू दिलंस," तो म्हणाला.

"हो."

"बटण फिरवायला काय झालं होतं? दोन बोटांचं काम!"

"पाटी तुमची होती."

"अगं, शेगडी आहे ती! विजेचा खांब नाही!"

"मला काय माहीत?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "एकदा म्हणायचं, ही तर नुसती शेगडी आहे. दुसऱ्यांदा म्हणायचं, हा तर नुसता बल्ब आहे. तिसऱ्यांदा कोणीतरी म्हणतं, वरचं काम तर संपलंच असेल. मी नाही काढणार. घर जळलं असतं तरी तुम्हाला ओढत बाहेर नेलं असतं, पण काढली नसती."

तो खुर्चीवर बसला. पाटी त्याच्या हातात होती. तिची एक कड उष्णतेने मऊ पडून वाकली होती. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "एवढी पाटी पाळतेस. मग लोणी?"

तिने टॉवेल बादलीत टाकला.

"लोण्यावर पाटी नव्हती," ती म्हणाली.

म्हणजे लोणी होतं तर. त्याला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपल्याला राग येईल, जिंकल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात त्याला फक्त दमल्यासारखं वाटलं.

"किती?"

"रोज दोन चमचे. कधी तीन. साय मिळाली तर तीही. बटाटा उकडून त्यात घोटला की वर तरंगत नाही." मग जरा थांबून, जणू हेही सांगून टाकावं म्हणून, "सकाळच्या लापशीतही."

"लापशीतही!"

"तिसऱ्या आठवड्यापासून. आधी नाही. पहिले दोन आठवडे मी सरळ केलं, खरंच. तुमचं वजन उतरलं तेव्हा मला आधी बरंच वाटलं. मग एके दिवशी जोडीदाराची बायको भेटली, दुकानात. अंडी घेत होती. म्हणाली, मी अजून सहाच घेते बघ, सवयीने. तीन शिळी होतात." तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "त्या दिवशी घरी आले आणि हाताने आपोआप लोणी घातलं. खिडकीवर बसलेला माणूस संध्याकाळी घरी येतो, एवढंच मनात होतं."

"आणि तो घरी येऊन काय करतो? भिंतीकडे बघत बसतो. मला ओळखतेस ना तू?"

"ओळखते. म्हणून तर चोरून घातलं. समोर सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

"तुला वाटतं मी पडेन?"

"तुम्ही नाही पडणार. तुमचा हात मला माहीत आहे. तारेची मला भीती नाही हो. खालच्या माणसाची आहे. ज्याने त्यांची पाटी काढली, तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला घाई होती, इतकंच. घाई काय, कोणालाही असते."

साहेबबाईंनी सांगितलेले सुरक्षेचे नियम त्याला पाठ होते, पण ते नियम त्याच्या जोडीदाराच्या वेळीही होते. तो उठला, भांडं सिंकमध्ये ठेवलं आणि तळ खरवडायला लागला. ती काही वेळ बघत राहिली, मग दुसरा चमचा घेऊन शेजारी आली. अर्धा तास दोघं नुसते खरवडत होते. भांडं वाचलं नाही.

"दोन आठवडे राहिलेत," तो शेवटी म्हणाला. "स्वयंपाक तूच कर."

"माझ्यावर विश्वास आहे?"

"नाही," तो खरं बोलला. "पण माझ्या हातचं खाण्यापेक्षा बरं."

ती जराशी हसली, आणि ते हसू त्याला लोण्यापेक्षा जड वाटलं.

पुढचे दोन आठवडे फार कठीण गेले, आणि भूक हे त्यातलं सोपं प्रकरण होतं. त्याने घरातला वजनकाटा कपाटाखाली सरकवून दिला. पेन्सिल उचलली नाही. स्वयंपाकघराचं दार आता उघडं असायचं, पण तो मुद्दाम बाहेरच्या खोलीत, पाठ करून बसायचा. आतून फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज यायचा, बंद झाल्याचा यायचा, आणि मधल्या चार क्षणांत त्याच्या मनात काय काय येऊन जायचं ते देव जाणे. एकदा तो अर्धा उठला. मग बसला. एकदा सूप जरा जास्तच बरं लागलं आणि चमचा मध्येच थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. "मिरी जरा जास्त टाकलीये," ती म्हणाली. खरं असेल. नसेलही. त्याने वाटी संपवली.

शुक्रवारी गोदामात सगळे जमले होते. स्टोअरकीपरने काट्यावरचं तारेचं वेटोळं लोळवून बाजूला केलं. लाइनमनने बूट काढले, पट्टा काढला, खिशातली किल्ली काढून पैलवानाच्या हातात दिली.

"दातही काढून ठेव," पैलवान म्हणाला. "दोनशे ग्रॅम सुटतील."

तो काट्यावर चढला. डोळे त्याने समोरच्या भिंतीवर ठेवले. काट्यावर तो एकटा उभा नाही असं त्याला वाटत होतं. चोवीस वर्षांचा संसारही त्यावर तोलला जात होता.

"चौऱ्याण्णव सहाशे," स्टोअरकीपरने वाचलं.

"पुन्हा वाच," साहेबबाई म्हणाल्या.

"चौऱ्याण्णव सहाशे, बाई."

साहेबबाईंनी कागदावर सही केली. "अकरा वाजता शाळेमागची लाइन आहे. गाडी घेऊन जा."

पाळण्याची गाडी शाळेमागे उभी राहिली तेव्हा पावणेअकरा झाले होते. बटण बंद झालं, पाटी लागली. पाळण्यात पाय टाकण्याआधी त्याने घरी फोन लावला.

"चौऱ्याण्णव सहाशे," तो म्हणाला.

त्याला तिचा श्वास ऐकू येत होता. ती रडत होती की काय, तेही कळेना. ती जिंकली होती की हरली होती, हे बहुधा तिलाही ठरवता येत नव्हतं.

"अगं?"

"ऐकलं," ती म्हणाली. "किती वाजता वर जाणार?"

"अकराला."

"खाली कोण आहे?"

"पैलवान."

"त्यांच्याकडे द्या फोन."

"अगं, काम सुरू करायचं..."

"द्या ना."

त्याने फोन दिला. पैलवानाने तो कानाला लावला, तोंडावरचं हसू तयार ठेवून. "बोला वहिनी!" मग हसू हळूहळू उतरलं. तो ऐकत राहिला. "हो वहिनी," म्हणाला. मग "नाही वहिनी." मग पुन्हा, अगदी हळू, "हो. शप्पथ." फोन परत दिला तेव्हा त्याने लाइनमनच्या नजरेला नजर दिली नाही.

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"काही नाही कसं? पाच मिनिटं बोलत होती!"

"ते माझं आणि वहिनींचं आहे," पैलवान म्हणाला. "तू वर जा."

पाळणा उचलला गेला. घरांची छपरं खाली सरकली, वाळत घातलेले कपडे, गच्चीवरच्या टाक्या, शाळेच्या मैदानातली पोरं. वारा गार होता आणि पोट रिकामं होतं. हात मात्र आपसूक आपली कामं शोधू लागले, तशी गेल्या सहा आठवड्यांत एकदाही शोधली नव्हती. तरी त्याने एकदा खाली वाकून पाहिलंच. पैलवानाने आपली पिशवी, पाण्याची बाटली आणि दुपारचा डबा, सगळं बटणाच्या पेटीला टेकवून ठेवलं होतं. गाडीचा ड्रायव्हर त्याला चहाला बोलावत होता. पैलवान पेटीला पाठ लावून उभा होता आणि नकारार्थी मान हलवत होता.